जुने आउटबोर्ड इंजिन तापते तेव्हा आधी पाण्याची वाट तपासावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांची पावसाळी मासेमारी बंदी संपत आली की किनाऱ्यावर ताडपत्रीखाली, पडवीत आणि मांगरात ठेवलेली आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायची, इंजिने बाहेर निघू लागतात, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासूनच एक तक्रार सगळीकडे ऐकू येते: इंजिन तापते. त्या तक्रारीवर दिला जाणारा निकालही तितकाच ठरलेला असतो. इंजिन जुने झाले, त्यात आता दम नाही, हेड (सिलिंडरचे झाकण) उघडावे लागेल, नाहीतर सरळ नवे घ्यावे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अशी इंजिने दुरुस्त करण्यातच माझे आयुष्य गेले आहे आणि त्या अनुभवाच्या आधारे मी ठामपणे सांगू इच्छितो की, तापणाऱ्या जुन्या इंजिनांपैकी बहुतेकांचा दोष मूळ इंजिनात नसतोच. तो समुद्राचे पाणी इंजिनापर्यंत नेणाऱ्या वाटेत असतो. ही वाट जिथून सुरू होते तिथून क्रमाने तपासत गेले तर दोष सापडतो, आणि बऱ्याचदा तो एका रबरी भागाच्या किमतीत दूर होतो. हा क्रम न पाळता थेट वरून इंजिन उघडल्यामुळे चांगली इंजिने भंगारात गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे छोट्या गिलनेट होड्यांवर, रापणीच्या होड्यांवर आणि देवबाग-तारकर्ली परिसरातील पर्यटकांच्या होड्यांवर अजूनही जुनी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी, इंजिने चालतात. त्यांत यामाहा आणि सुझुकी यांचा भरणा मोठा आहे; जॉन्सन किंवा एव्हिनरूड क्वचित, कुणीतरी जपून ठेवलेले दिसते. यातील काही नावांचा इतिहास मोठा आहे. ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ मध्ये आउटबोर्ड इंजिनांचा व्यवसाय सुरू केला, यामाहाचे पहिले आउटबोर्ड १९६० मध्ये आले, आणि जॉन्सन व एव्हिनरूड ही दोन्ही इंजिने बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन ही कंपनी २००० सालाच्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. पुढे दुसऱ्या कंपनीने चालवलेले एव्हिनरूडचे उत्पादनही २०२० मध्ये थांबले. तरीही या इंजिनांचे पंपाचे संच आजही मिळतात, कारण एकाच मापाचा पंप अनेक वर्षे अनेक मॉडेलांना वापरला गेला. धूर जास्त, पेट्रोल जास्त, हे आक्षेप खरे आहेत. पण ज्याच्याकडे नव्या फोर-स्ट्रोक इंजिनाचे पैसे नाहीत त्याला हातातले इंजिन नीट चालवता आले पाहिजे.

या इंजिनांत मोटारीसारखा रेडिएटर नसतो. होडी पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या जवळ, गिअर केसच्या (पंख्याला जोडलेल्या गिअरच्या पेटीच्या) बाजूला असलेल्या जाळीतून समुद्राचे पाणी आत येते. गिअर केसच्या वर, पंख्याला फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावरच (ड्राइव्ह शाफ्टवर) बसवलेला एक छोटा पंप ते पाणी उचलतो. त्या पंपात रबरी पाकळ्यांचा इम्पेलर असतो आणि तो ज्या कप्प्यात फिरतो तो कप्पा मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे फिरताना पाकळ्या एका बाजूला दबतात, दुसऱ्या बाजूला उघडतात आणि पाणी पुढे ढकलले जाते. तेथून एका धातूच्या नळीने पाणी वर चढते, सिलिंडरच्या आणि हेडच्या भोवती फिरते, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप) उघडा असेल तर त्यातून बाहेर पडते आणि धुराबरोबर पायातून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या लांब भागातून, खाली समुद्रात जाते. जाळी, पंप, नळी, सिलिंडरभोवतीची पोकळी, थर्मोस्टॅट आणि परतीची वाट, एवढाच हा प्रवास आहे. तपासणीही याच क्रमाने, खालून वर व्हायला हवी. आपल्याकडे ती उलटी होते, कारण गरम लागते ते हेड, आणि हाताला सोपे पडतात तेही हेडचेच बोल्ट.

एकही बोल्ट सोडवण्याआधी दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. पहिली म्हणजे जाळी. तिच्यावर शेवाळ, शिंपल्यांची बारीक कवचे किंवा पातळ प्लास्टिक पिशवीचा तुकडा अडकलेला असतो. प्लास्टिकचा तुकडा तर फसवा असतो: इंजिन चालू असताना तो ओढला जाऊन जाळीवर घट्ट बसतो आणि इंजिन बंद करून पाय वर घेतला की गळून पडतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काहीच सापडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनाची उंची. आउटबोर्ड साधारणपणे १५ इंच आणि २० इंच अशा दोन लांबींच्या पायांत येते. आखूड पायाचे इंजिन उंच फळीच्या होडीवर लावले तर पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळापेक्षा बरीच वर राहते, लाटेत जाळी उघडी पडते आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. एका होडीचे इंजिन दुसऱ्या होडीवर उसने चढवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि मूळ होडीवर कधी न तापलेले इंजिन दुसरीवर तापू लागते, ते पुष्कळदा एवढ्याच कारणाने.

यानंतर इंजिनाच्या मागून किंवा बाजूने उडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिच्याविषयीच आहे. धार चांगली आहे म्हणजे इंजिन थंड आहे, असे बहुतेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात ही धार फक्त एवढेच सांगते की, पंप त्या भोकापर्यंत पाणी पोहोचवतो आहे. काही इंजिनांत ती पंपाकडून वर येणाऱ्या वाटेवरूनच काढलेली असते, तर काहींत सिलिंडरभोवती फिरून आलेल्या पाण्याची असते. पहिल्या प्रकारच्या इंजिनात थर्मोस्टॅट पूर्ण बंद पडून हेड करपत असले तरी धार जोरात आणि थंडगार येत राहते. आपले इंजिन कोणत्या प्रकारचे आहे, हे मालकाने एकदा धारेखाली हात धरून समजून घ्यावे: इंजिन चांगले गरम झाल्यावर पाणी कोमट होत असेल तर ते इंजिन फिरून आलेले आहे. उलट, धार मंद झाली म्हणून लगेच घाबरण्याचेही कारण नाही. शेवटच्या छोट्या नळीत वाळूचा कण अडकलेला असू शकतो, आणि पावसाळाभर ठेवलेल्या इंजिनात कुंभारीण माशीने त्या भोकात मातीचे घर केलेले मी अनेकदा पाहिले आहे. जाड तंगूसचा (नायलॉनच्या दोरीचा) तुकडा आत सारून भोक मोकळे केले की धार पूर्ववत येते. तारेचा वापर करू नये. ती आतल्या रबरी नळीला भोक पाडते. १९५० च्या दशकातील काही जॉन्सन आणि एव्हिनरूड इंजिनांना ही धारच नसते, त्यांत पायाच्या मागच्या बाजूने धुराबरोबर पाण्याचे तुषार पडतात तेवढीच खूण. त्याहून जुन्या काही इंजिनांत तर रबरी पंपच नव्हता. पंख्याच्या मागे ढकलल्या जाणाऱ्या पाण्याच्या दाबावर ती थंड होत. असे इंजिन पिंपात पंखा काढून चालवले तर त्याला पाणी मिळतच नाही. जुनी इंजिने हौसेने जमवणाऱ्या मंडळींनी, ती पुण्यात असोत की परदेशात, हे लक्षात ठेवावे.

इंजिन कोणत्या वेगाला तापते, हा मी प्रत्येक मालकाला विचारतो तो पहिला प्रश्न असतो आणि त्याच्या उत्तरात अर्धे निदान असते. हळू चालवताना तापते आणि वेग घेतला की निवळते, तर पंप अशक्त झाला आहे असे समजावे. झिजलेल्या पाकळ्या कमी फेऱ्यांना पाणी उचलत नाहीत, जास्त फेऱ्यांना कसेबसे उचलतात. मोठ्या इंजिनांत दाबावर उघडणारी एक स्प्रिंगची झडप असते. तिच्यात वाळू अडकून ती उघडी राहिली तरी हेच लक्षण दिसते. याउलट हळू चालताना ठीक आणि पूर्ण वेगाला तापते, तर पाणी गरजेपेक्षा कमी येत आहे: जाळी अर्धी बुजलेली, नळी कुठे गळकी, पोकळीत क्षार साचलेले, किंवा हेड गॅस्केटमधून (हेडखालच्या, गळती रोखणाऱ्या पातळ थरातून) जळलेला वायू पाण्यात शिरत असलेला. सुरू केल्यापासून काही मिनिटांतच, कोणत्याही वेगाला तापते, तर पाणी वर येतच नाही किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. हे नियम अचूक नाहीत, पण कुठून सुरुवात करावी एवढे ते नक्की सांगतात.

आता पंपाकडे येतो. सर्वाधिक दोष तिथेच असतात. इम्पेलर हा रबराचा असतो आणि त्याला पाणी हेच वंगण असते. कोरड्यात इंजिन सुरू केले तर पाकळ्या काही सेकंदांतच घासून करपू लागतात. तरीही बंदीच्या काळात 'सुरू होते का बघू' म्हणून घराच्या पडवीत, पाण्याशिवाय इंजिन ओढून पाहण्याची सवय घराघरांत आहे. हंगामातल्या निम्म्या तक्रारींचे मूळ त्या एका मिनिटात असते, असे माझे मत आहे. दुसरे असे की, इंजिन महिनोन्महिने उभे राहिले तर पाकळ्या ज्या बाजूला दबलेल्या असतात त्याच आकारात ताठरतात. काढलेला इम्पेलर हातात घेऊन पाहिला की हे लगेच कळते: काही पाकळ्या सरळ, काही कायमच्या वाकलेल्या, टोके चकचकीत झालेली, आणि पाकळी बोटाने वाकवली की मुळाशी बारीक चिरा दिसतात. असा इम्पेलर उलटा करून परत बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. विरुद्ध दिशेने वाकवलेल्या जुन्या पाकळ्या लवकरच तुटतात. आणि पाकळी तुटलेली असेल तर तो तुकडा शोधून काढल्याशिवाय काम संपत नाही. तो पाण्याबरोबर वर जातो, नळीच्या वळणावर किंवा थर्मोस्टॅटच्या तोंडाशी अडकतो आणि नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापतच राहते. जुन्या इम्पेलरच्या पाकळ्या मोजाव्यात, जेवढ्या कमी असतील तेवढे तुकडे हाताला लागले पाहिजेत.

पंपाचे आवरण आणि खालची पत्र्याची चकतीही पाहावी. आपल्या खाड्यांच्या मुखाशी वाळूचे पट्टे आहेत. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते तिथे ओहोटीच्या वेळी पाणी इतके उथळ होते की इंजिन अक्षरशः वाळूमिश्रित पाणी पिते. ही वाळू चकतीवर गोल चरे पाडते. चरा नखाला लागत असेल तर चकती बदलावी, कारण त्या चऱ्यातून पाणी मागे पळते आणि नवा इम्पेलरही कुचकामी ठरतो. आवरण प्लास्टिकचे असेल आणि पूर्वी इंजिन तापलेले असेल, तर त्याचा आकार किंचित बिघडलेला असू शकतो. म्हणून फक्त इम्पेलर न घेता, शक्य असेल तर चकती, गॅस्केट, चावी आणि आवरण यांचा पूर्ण संच घ्यावा.

बसवताना घ्यायची काळजी थोडक्यात सांगतो. गिअर केस उतरवण्याआधी गिअर बदलणारा दांडा सोडवायचा असतो. तो न सोडवता ओढाताण केल्याने दांडे वाकलेले आहेत. इम्पेलर शाफ्टबरोबर फिरतो तो एका छोट्या चावीमुळे. ती चावी बसवताना घसरून पडते, म्हणून तिला ग्रीस लावून चिकटवावी. पाकळ्यांना साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावावे. आवरण खाली दाबताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहावा, म्हणजे सर्व पाकळ्या योग्य बाजूला दबतात; बहुतेक सर्व इंजिनांची फिरण्याची दिशा हीच असते. बोल्टांना खाऱ्या पाण्यात टिकणारे ग्रीस लावल्याशिवाय ते परत बसवू नयेत, कारण ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट खाऱ्या पाण्यात वर्षभर राहिला की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात.

पंप नवा घालूनही इंजिन तापते, असे झाले की मेकॅनिकचे मन खचते आणि तो वरचे हेड उघडायला घेतो. अशा वेळी पंपाच्या आवरणातून वर जाणारी नळी पाहावी. पर्यटकांच्या एका होडीचे इंजिन माझ्याकडे आले तेव्हा मालकाला वरचा पूर्ण भाग बदलण्याचा सल्ला मिळालेला होता. नवा इम्पेलर बसवलेला होता, जाळी स्वच्छ होती, तरी पाण्याची धार केविलवाणी. गिअर केस उतरवल्यावर दिसले की, नळीचे टोक ज्या रबरी कडीत शिरायला हवे ती कडी बसवताना दुमडून एका बाजूला सरकलेली होती आणि नळी तिच्या शेजारी, रिकाम्या जागेत उतरलेली होती. पंप जोरात पाणी ढकलत होता, पण ते पायाच्या पोकळीतच ओतले जात होते. कडीच्या कडेवर नळीच्या टोकाची गोल खूण स्पष्ट उमटलेली होती. नवी कडी, थोडे ग्रीस, आणि गिअर केस वर चढवताना एकाने वरून बॅटरी धरून नळी सरळ शिरते आहे ना हे पाहणे, एवढ्यावर ते इंजिन थंड झाले. ही चूक इतकी सर्वत्र होते की, गिअर केस नुकताच उतरवलेला असेल तर माझा पहिला संशय त्या कडीवरच असतो.

थर्मोस्टॅटच्या बाबतीत आपल्या किनाऱ्यावर एक घातक प्रथा रुजली आहे. इंजिन तापले की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. 'आपला समुद्र गरम आहे, त्याची गरज परदेशात' असे त्याचे समर्थन केले जाते. हे खरे नाही. आपल्या समुद्राचे पाणी साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअस असते आणि आउटबोर्डचा थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडतो. मोटारीचा ८० च्या पुढे उघडतो. आउटबोर्डचा मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण समुद्राचे पाणी जास्त तापले की त्यातील चुना आणि क्षार धातूवर जमू लागतात. म्हणजे आपल्या पाण्यातही इंजिनाला वीस-तीस अंश वर चढायचे असतेच. थर्मोस्टॅट काढला की हळू चालताना इंजिन थंडच राहते, पेट्रोल नीट जळत नाही, स्पार्क प्लग काळे पडतात आणि पिस्टनवर काजळी चढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसेल तर पाणी सोप्या वाटेने निघून जाते आणि एखाद्या सिलिंडरच्या वरच्या भागाला पुरेसे मिळतच नाही; म्हणजे तापणे थांबवण्यासाठी केलेल्या उपायाने एक सिलिंडर आणखी तापतो. ज्या छोट्या इंजिनांना कंपनीने थर्मोस्टॅट दिलेलाच नाही त्यांची गोष्ट वेगळी.

थर्मोस्टॅटची तपासणी स्वयंपाकघरात होते. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने त्यात लोंबकळत ठेवावा, तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी मंद आचेवर तापवावे. झडप कोणत्या अंशाला हलू लागते आणि किती उघडते ते दिसते. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास ती उघडली आणि पाणी निवताना पूर्ण बंद झाली तर तो चांगला आहे. अर्धवट उघडत असेल तर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून पाहावे. तरीही अडकत असेल तर बदलावा. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाच्या आत, हे सर्वसाधारण धोरण असले तरी काढतानाच मोबाईलवर फोटो घेणे अधिक खात्रीचे.

इथवर सर्व ठीक असेल तरच सिलिंडरभोवतीच्या पोकळीकडे वळावे. वर्षानुवर्षे गोड्या पाण्याने न धुतलेल्या इंजिनात तिथे क्षारांचा पांढरा, दगडासारखा थर साचतो. थर्मोस्टॅटचे झाकण उघडताच तो दिसतो. हा थर काढण्यासाठी संडास धुण्याचे ॲसिड वापरण्याचे प्रकार मी पाहिले आहेत आणि त्यांना माझा तीव्र विरोध आहे. ते ॲसिड थराबरोबर ॲल्युमिनियमही खाते, गॅस्केटच्या बसण्याच्या जागेला खड्डे पडतात आणि इंजिन खरोखर निकामी होते. बादलीत साधे पांढरे व्हिनेगर घेऊन पाण्यात बुडवून चालवायच्या छोट्या पंपाने ते पोकळीतून काही तास फिरवत ठेवावे, मधूनमधून बुडबुडे थांबले का ते पाहावे आणि शेवटी भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. वेळ लागतो, पण धातू वाचतो. जॉन्सन-एव्हिनरूडच्या काही ब्लॉकांत पाणी योग्य दिशेने वळवण्यासाठी रबराचे तुकडे बसवलेले असतात. ते आक्रसून सरकले तर पाणी मधूनच निसटते. हेड उघडलेच असेल तर तेही पाहून घ्यावे.

एकदा कडक तापलेल्या इंजिनाचे हेड गॅस्केट संशयित असतेच. एका सिलिंडरचा प्लग काजळीरहित, वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे. सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजून त्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आहे का ते पाहावे. हेड सपाट आहे की वाकले, हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) कळते. परत बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. पाण्याशी संबंध नसलेली कारणेही असतात: कार्ब्युरेटर अर्धा बुजून मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालेले, किंवा पेट्रोलमध्ये ऑइल कमी. १९५० च्या दशकातील अनेक इंजिनांना २४ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल लागत असे, पुढच्या काळातील बऱ्याच इंजिनांना ५० ला १. जुन्या इंजिनाला नव्याचे प्रमाण लावू नये.

तापले म्हणजे किती तापले, हे हाताने न ठरवता मोजावे, असा माझा आग्रह आहे. लांबून तापमान दाखवणारे इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्त झाले आहेत. हेडच्या रंगवलेल्या भागावर ते धरावे, कारण उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमवर ते चुकीचे, कमी आकडे दाखवतात. चालू इंजिनाचे हेड साधारण ५० ते ६५ अंशांत असेल तर काळजी नाही. एका सिलिंडरचा आकडा दुसऱ्यापेक्षा बराच चढा असेल तर पाणी त्या बाजूला पोहोचत नाही. हेडवर टाकलेला पाण्याचा थेंब चर्रकन उडून गेला, तर १०० अंश ओलांडले आहेत आणि इंजिन त्याच क्षणी बंद केले पाहिजे. ही चाचणी पिंपात घेताना पिंप मोठे असावे आणि पाणी पंपाच्या वर राहील इतके भरलेले असावे. छोट्या पिंपात धुरामुळे पाणी फेसाळते, गरम होते आणि पंप हवा ओढू लागतो. चांगल्या इंजिनाचाही मग खोटा दोष दिसतो.

समुद्रात असताना इंजिन तापले तर त्यावर बादलीभर गार पाणी ओतण्याचा मोह टाळावा. तापलेले हेड एकदम आकसते, वाकते किंवा तडकते. इंजिन बंद करावे, नांगर टाकावा, पाय वर घेऊन जाळी पाहावी आणि झाकण उघडून ते आपोआप निवू द्यावे. फ्लायव्हील (इंजिनावरचे जड चाक) हाताने सहज फिरते आहे याची खात्री केल्याशिवाय दोरी ओढू नये. पकडलेला पिस्टन जबरदस्तीने ओढला तर सिलिंडरला ओरखडे पडतात.

काळजीचे म्हणाल तर प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटे गोड्या पाण्याच्या पिंपात हळू वेगाने चालवणे, नंतर इंजिन उभे ठेवून आतले पाणी गळू देणे, इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे झिजले की बदलणे व त्यांवर कधीही रंग न लावणे, आणि वर्षातून एकदा, हंगामाआधी इम्पेलर बदलणे, एवढे पुरते. उन्हाळ्यात गावात प्यायलाच पाणी नसते तेव्हा पिंपभर पाणी इंजिनासाठी कुठून आणावे, हा प्रश्न मला विचारला जातो आणि तो रास्त आहे. त्यावर उत्तर एवढेच की, तेच पिंपातले पाणी अनेक दिवस वापरता येते. वर तरंगणारे तेल काढून टाकावे, आणि पाणी चवीला खारट लागू लागले की बदलावे.

यापुढचा भाग मालकाच्या हातात नाही. चांगल्या रबराचा इम्पेलर आमच्या तालुक्याच्या गावांत वेळेवर मिळत नाही. मिळतो तो पुष्कळदा नकली, ज्याचे रबर इतके कडक असते की पाकळ्या दबतच नाहीत. डिझेल, बर्फ आणि जाळी पुरवणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांनी आपल्या सभासदांकडील इंजिनांची मॉडेले नोंदवून घ्यावीत आणि त्यांचे पंपाचे संच जुलैमध्येच एकत्र मागवून ठेवावेत. संस्थेच्या खरेदीत हा खर्च किरकोळ आहे. किनारी तालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी बंदीच्या दोन महिन्यांत आउटबोर्ड दुरुस्तीचा छोटा वर्ग चालवावा. मासेमारी बंद असते, तरुण मुले घरी असतात आणि शिकण्यासाठी लागणारी बिघडलेली इंजिने प्रत्येक वाडीत पडून आहेत. मत्स्यव्यवसाय विभागाने अशा वर्गासाठी थोडे अनुदान दिले तर नव्या इंजिनांसाठीच्या मागणीचा काही भार हलका होईल.

हे पत्र हंगाम सुरू होण्याआधी प्रसिद्ध करावे, ही विनंती. ज्यांचे इंजिन गेल्या वर्षी तापले होते त्यांनी गिअर केसच्या बोल्टांना आजच गंज सोडवणारे तेल पाजून ठेवावे. खाऱ्या पाण्यात बसलेला बोल्ट सुटायला दोन-तीन दिवस लागतात आणि घाईत त्याचे डोके तुटले तर पुढचे काम ड्रिल मशीनवर जाते.

आपला,
एक आउटबोर्ड दुरुस्तीकार,
देवगड, जि. सिंधुदुर्ग